खुर्जीवाला

सोनेरी हॅमस्टरला, म्हणजे उंदरासारख्या त्या छोट्या पाळीव प्राण्याला, सूर्यफुलाची बी देऊन बघा. तो ती खात नाही. पुढच्या पंजांत धरून फिरवतो, नीट आडवी-उभी करतो आणि गालात सारतो. मग दुसरी, तिसरी, दहावी. गाल खांद्यांच्या मागे फुगतात. तुरुतुरु कोपरा गाठला की पंजांनी गाल मागून पुढे दाबत सगळा माल ओततो. गालातल्या या पिशव्या पार खांद्यांमागे पोचतात. अरबीत त्याला ‘खुर्जीवाला’ (खुर्जी म्हणजे घोड्याच्या पाठीवर टाकायची जोडपिशवी) अशा अर्थाचं नाव आहे, आणि साठेबाजीला जर्मनांनी शब्द केला तोही ‘हॅमस्टर’ या नावावरूनच.

त्याचं गाव म्हणजे सीरियातलं अलेप्पो आणि तुर्कस्तानच्या सीमेलगतची शेतं. गहू, हरभरा, मसूर. बीळ सरासरी 65 सेंटिमीटर खोल, एका बिळात एकच प्राणी. शेतकऱ्याला तो नकोसा, त्यामुळे विष घातलं जातं, नांगर खोल जातो, आणि रानातला हॅमस्टर आज दुर्मीळ झाला आहे.

घरातल्या बहुतेक सगळ्या सोनेरी हॅमस्टरांचं मूळ मात्र एकाच बिळात सापडतं. 1930 साली जेरुसलेमचे प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल अहारोनी यांनी अलेप्पोजवळच्या गव्हाच्या शेतातून एक मादी आणि तिची पिल्लं खणून काढली. ‘काळा आजार’ नावाच्या रोगावरच्या प्रयोगांसाठी ती हवी होती. पेटीत ठेवताच आईने एका पिल्लाला चावून मारलं. पुढे उरलेल्यांतली काही लाकडी पिंजरा कुरतडून पळाली. पाळणाऱ्याने हे दोन्ही प्रसंग लक्षात ठेवावेत. व्यायलेल्या मादीला पहिले दोन आठवडे हात लावायचा नाही, आणि नुसत्या लाकडावर भरवसा ठेवायचा नाही.

दुकानात मिळणारा रंगीत, बोगद्यांचा दोन मजली पिंजरा पोरांना आवडतो. हॅमस्टरला तो निरुपयोगी. त्याला उंची नको, तळ हवा: निदान 100 बाय 50 सेंटिमीटर, आणि त्यात 20-25 सेंटिमीटर कागदी भुसा, जरा दाबून, नाहीतर बोगदा ढासळतो. घरट्याला साधा टिश्यू पेपर पुरतो. कापूस नको, त्याचे तंतू पायाला आवळतात, पोटात गेले तर आतडं तुंबतं. चाक 28 सेंटिमीटरच्या आसपास, सलग पृष्ठभागाचं. धावताना पाठ कमानीसारखी वाकली तर चाक लहान आहे. तारांच्या चाकात पाय अडकून मोडतो.

दुकानदार जोडी घ्यायला सांगतो, ‘एकटा कंटाळेल’ म्हणून. साफ चूक. दोन महिन्यांचे झाले की हे एकमेकांना रक्तबंबाळ करतात.

खाणं दिवसाला एक मोठा चमचा: राळा, बाजरी, ओट, थोड्या बिया, अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. गूळ, चॉकलेट असलं चिकट काही नको. ते गालात चिकटून बसतं. नवीन आणलेल्या पिल्लाची शेपटीकडची बाजू ओली, घाण दिसली तर सकाळची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या. हा जुलाब दोन दिवसांत जीव घेतो.

आपल्याकडे खरी परीक्षा एप्रिल-मेची. रानात तो उन्हाला चुकवून खाली जातो, काचेच्या टाकीत जाणार कुठे? तिशीपुढचा पारा त्याला सोसत नाही. आडवं ठेवलेलं मातीचं मडकं, एखादी गार फरशी आणि पिंजऱ्याबाहेर फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली एवढं तरी करावंच. उलट कडक थंडीत तो गारठून निपचित पडतो. मेला समजून पुरायची घाई नको. आधी हळूहळू ऊब देऊन बघा.

सफाई करताना सगळा भुसा एकदम फेकू नये. ओला कोपरा काढावा, बाकीचा तिसरा हिस्सा बदलावा. कुजणारी काकडी उचलावी, पण कोरडा साठा थोडा तरी जागच्या जागी राहू द्यावा. तो सगळा नेला तर खुर्जीवाला रात्रभर त्याच रिकाम्या कोपऱ्यात उकरत बसतो.