चोवीस तासांची शर्यत आणि आमच्या झोपेचा हिशेब

वडोदरा, रविवार, ११ जानेवारी २०२६

फ्रान्समध्ये ले मां येथे जाऊन चोवीस तासांची मोटार शर्यत मैदानात तंबू ठोकून पाहायची, हा बेत आमच्या घरात बरीच वर्षे जेवणानंतरच्या सुपारीबरोबर चघळला जात होता. आज दुपारी दांडिया बाजारात आईकडे सगळे जमलो आणि तो पहिल्यांदा वहीत उतरला. यंदाची शर्यत १३ आणि १४ जूनला आहे. शनिवारी दुपारी चारला ती सुरू होते आणि रविवारी दुपारी चारला संपते. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. भावजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, दर जूनमध्ये शनिवारच्या जेवणाच्या वेळी दूरचित्रवाणीसमोर बसतात आणि रविवारच्या जेवणालाच उठतात. हालोलच्या मोटारींच्या कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली आहेत. गेल्या जूनमध्ये रॉबर्ट कुबित्सा आणि त्याच्या दोन साथीदारांच्या पिवळ्या फेरारीने शर्यत जिंकली, तेव्हा त्यांनी सबंध गल्लीला पेढे वाटले होते.

भावजी, ताई, धाकटा भाऊ, वहिनी, भाचा, काका आणि मी, अशी सात माणसे. प्रवेशाची तिकिटे आणि तंबूची जागा यांचे काम भाच्याने गेल्या वर्षीच उरकून ठेवले, हे त्याचे उपकारच म्हणायचे. तिथे प्रवेशाचे तिकीट माणशी निराळे आणि तंबूची जागा निराळी घ्यावी लागते. तिकीट आहे म्हणून कोणी मैदानात पथारी पसरू देत नाही.

आईची हरकत मात्र अगदी वेगळ्या बाजूने आली. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मेपासून १५ जूनपर्यंत, आणि धोंड्याच्या महिन्यात जावयाने सासुरवाडीचे अनारसे सोडून परदेशी मैदानात झोपायला जावे, हे तिला मुळीच पटले नाही. भावजींनी तत्परतेने मे महिन्यातला शेवटचा रविवार जेवणासाठी मोकळा ठेवल्याचे जाहीर केले. तेहतीस अनारसे आणि चांदीचे निरांजन मिळणार असेल, तर शर्यतीत कोणती गाडी पुढे आहे हे सांगणारा माणूसही तारखा जुळवून घेतो, असे दिसते.

मैदानातच का राहायचे, हा वहिनीचा प्रश्न रास्त होता. तिला हॉटेल हवे आहे. ले मांची धावपट्टी १३.६२६ किलोमीटरची असून तिचा बराचसा भाग एरवी गावागावांना जोडणारा साधा सार्वजनिक रस्ता आहे, ज्यावरून वर्षभर मालमोटारी आणि शाळेच्या बसगाड्या जातात. एका जागी बसून एवढी पट्टी दिसत नाही. दिसतो तो एखादा वळसा, आणि त्यासमोरून साठेक गाड्या दिवस-रात्र फिरत राहतात. त्यामुळे तिथे जाणारी माणसे फिरतात, खातात, तासभर आडवी होतात आणि पुन्हा कुंपणाशी येतात. अलीकडे तीन लाखांहून अधिक लोक या शर्यतीला येतात. त्या आठवड्यात शहरात खोली मिळणे कठीण, आणि मिळाली तरी मध्यरात्री तिथपर्यंत जाऊन पहाटे परत येण्यात शर्यतीचा उत्तम भाग निसटतो. जूनच्या मध्याला तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सहाच्या सुमारास उगवतो. मधल्या काळोखात दिव्यांच्या झोतांमागून येणारी गाडी आर्नाजच्या वळणाला वेग कमी करते, तेव्हा तिच्या चाकांतल्या ब्रेकच्या चकत्या लालबुंद तापलेल्या दिसतात. भावजी हे वर्णन इतके रंगवून करतात की वहिनीचा विरोध त्या चकत्यांपाशीच मावळला. तिने फक्त जाड गाद्यांची अट घातली. ती मी लिहून घेतली.

वहीत मी पहिल्या पानावर खर्च लिहिला नाही. झोप लिहिली. चोवीस तास जागण्याचा उत्साह, त्याआधी रात्रभराचे विमान आणि नंतर अनोळखी देशातली ड्रायव्हिंग या तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात येणार आहेत, आणि बाकीचे सगळे प्रश्न पैशांनी किंवा फोनने सुटतील. हा सुटणार नाही.

गुरुवार, १५ जानेवारी

आज वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस. गच्चीवर वारा पडला होता, पतंग हट्टाने खाली येत होते, म्हणून माणसे बैठकीला लवकर हाती लागली. उंधियू आणि तिळगूळ संपेपर्यंत गाडी कोण चालवणार हे ठरवायचे होते.

फ्रान्समध्ये मोटारीच्या साध्या परवान्यावर चालकासह नऊ आसनांपर्यंतची गाडी चालवता येते, म्हणून नऊ आसनी व्हॅन भाड्याने घेऊन मागच्या आसनांच्या जागी तंबू आणि गाद्या ठेवायच्या, हे लगेच मान्य झाले. चालक तिघे: भावजी, भाऊ आणि मी. तिघांनाही आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना आर.टी.ओ.तून घ्यायचा आहे. तो वर्षभरच चालतो, त्यामुळे आत्ता घाई करण्याचे कारण नाही, पण मे महिन्यापर्यंत ढकलण्यातही शहाणपण नाही. भाड्याच्या करारात तिघांचीही नावे नोंदवायची, यावर मी अडून बसले. भाऊ म्हणत होता की एकाचेच नाव घातले तर पैसे वाचतात, आणि गरज पडली तर बाकीचे चालवतीलच. करारात नाव नसलेल्या माणसाच्या हातून गाडीला काही झाले तर विमा उभा राहत नाही, आणि गरज नेमकी थकव्याच्या वेळीच पडते, हे त्याला दोनदा सांगावे लागले.

नियम वाचताना भाचा मोठ्याने बोलत होता आणि काका, जे प्रतापनगरच्या रेल्वेतून निवृत्त झाले आहेत, प्रत्येक आकड्यावर मान डोलवत होते. महामार्गावर ताशी १३० किलोमीटर, पाऊस असेल तर ११०, गावात ५०. गाडी रस्त्याच्या उजवीकडून, चालक डावीकडे. गोल चौकात फेरा आपल्या उलट दिशेने. काही गावांत, जिथे फलक नसेल तिथे, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, मग ती गल्ली कितीही बोळकांडीसारखी असो. रावपुऱ्यात उजवीकडून, डावीकडून आणि समोरून येणाऱ्या सगळ्यांनाच आपण जाऊ देतो, तेव्हा ते जमेल, असे काका म्हणाले. मला मात्र त्या नियमाची खरोखर धास्ती आहे.

पॅरिसहून ले मां सुमारे २०० किलोमीटर, म्हणजे अहमदाबादला जाऊन परत येण्याइतके, आणि ए-११ हा पथकराचा महामार्ग थेट तिथवर जातो. एवढ्याशा अंतरासाठी विमानतळावरून उतरल्या उतरल्या निघायचे, असे भावजींचे म्हणणे. रात्रभर अर्धवट झोपलेला माणूस, उलट्या बाजूचा रस्ता आणि पॅरिसभोवतीचा वर्तुळाकार मार्ग, हे तीन एकत्र आणायला मी नकार दिला. बुधवारी उतरायचे, विमानतळाजवळ झोपायचे, गुरुवारी सकाळी व्हॅन ताब्यात घेऊन निघायचे. वाटेत शार्त्रला थांबायचे, कारण तिथले तेराव्या शतकातले कॅथीड्रल आणि त्याच्या निळ्या काचा पाहण्याची काकांची इच्छा आहे, आणि पहिल्या तासाभरानंतर चालक बदलायला ते ठिकाण अगदी सोयीचे आहे.

भावजी कुरकुरले. तेव्हा मी त्यांच्याच शर्यतीचा नियम त्यांच्यासमोर ठेवला. तिथे एका गाडीला साधारणपणे तीन चालक असतात. कोणीही कुठल्याही सहा तासांत चार तासांपेक्षा जास्त चालवू शकत नाही, आणि सबंध शर्यतीत चौदा तासांपेक्षा जास्त नाही. जगातले निवडक चालक, पाठीशी वैद्य, मालिश करणारे, मोजून आहार देणारे, आणि तरीही त्यांना गाडीतून उतरवून झोपायला पाठवतात. यावर भावजींनी स्वतःच पिएर लेवेगची गोष्ट काढली. पूर्वी असे बंधन नव्हते. १९५२ साली हा फ्रेंच चालक आपल्या ताल्बो गाडीत जवळजवळ तेवीस तास एकटाच बसून राहिला. साथीदार वाट पाहत उभा होता, पण त्याने गाडी दिली नाही. तो मोठ्या आघाडीवर होता, आणि शेवटचा तासाभराचा खेळ उरला असताना इंजिन निकामी झाले. पहिले दोन्ही क्रमांक मर्सिडीजला गेले. दमलेल्या हाताने गिअर चुकला असे पुष्कळ जण म्हणतात, यंत्रातला दोष आधीपासूनच होता असे काही जण म्हणतात. भावजी दुसऱ्या पक्षाचे आहेत. कारखान्यात काम केलेला माणूस चालकाला सहसा दोष देत नाही. तीन वर्षांनी, १९५५ साली, तोच लेवेग मर्सिडीज चालवत असताना ले मांलाच अपघातात गेला, आणि गाडीचे तुकडे प्रेक्षकांत उडून ऐंशीहून अधिक माणसे मरण पावली. त्या दुसऱ्या घटनेत त्याच्या थकव्याचा काही संबंध नव्हता, समोरच्या गाड्यांच्या गोंधळात तो सापडला. पण ही गोष्ट संपल्यावर गच्चीवर कोणी विमानतळाच्या हॉटेलाविषयी पुन्हा बोलले नाही.

रविवार, २५ जानेवारी

व्हिसाचे कागद आज लावायला घेतले. शेंगेनचा, म्हणजे फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो, मोठ्या माणसाचे शुल्क ९० युरो, आणि किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. निवासाच्या पुराव्यात हॉटेलाच्या दोन रात्री आणि तंबूच्या जागेची पावती जोडायची आहे. ‘राहण्याचे ठिकाण: मैदान’ असे लिहून व्हिसा कोण देणार, अशी शंका वहिनीने काढली, पावतीवर तारखा, जागेचा क्रमांक आणि भाच्याचे नाव स्पष्ट आहे, म्हणून मला तशी चिंता वाटत नाही. तिकिटे आणि निवासाचे कागद सातही अर्जांना सारखे जोडायचे, एवढीच दक्षता घेतली आहे.

मैदान कोणते, यावरही मागे वाद झाला होता. मेझों ब्लांश हे धावपट्टीला लागून आहे आणि भावजींना तेच हवे होते. भाच्याने जरा लांबचे बोझेजूर घेतले. आवाज तिथेही येणारच, पण उशाशी येणार नाही. काकांसाठी कानात घालायचे बोळे घेतले आहेत, आणि मला वाटते ते सगळ्यांनाच लागतील.

स्वयंपाकाची यादी आईने करायला घेतली आणि निम्मी कापावी लागली. बाहेरच्या देशांतून युरोपात दूध आणि मांस यांचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, त्यामुळे साजूक तूप, खवा आणि पेढे बाद. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पोहे, गोडा मसाला आणि लिलो चेवडा यांना जागा मिळाली. चुलीच्या गॅसचे डबे विमानात चालत नाहीत, ते तिथेच विकत घ्यायचे. रात्री तापमान दहा-बारा अंशांवर येऊ शकते, हे वडोदऱ्याच्या जूनमधून निघणाऱ्या माणसाला पटवणे अवघड आहे. ताईने अजून एकच शाल बाजूला काढली आहे. २०२४ साली पावसामुळे मध्यरात्रीनंतर चार तासांहून अधिक वेळ सगळ्या गाड्या सुरक्षा गाडीच्या, म्हणजे धोक्याच्या वेळी पुढे राहून सगळ्यांचा वेग आवरणाऱ्या गाडीच्या, मागे रांगेने फिरत होत्या, हे भावजींनी सांगितल्यावर तिने छत्री वाढवली.

पहाऱ्याच्या पाळ्या अशा ठरल्या. शनिवारी सुरुवात सर्वांनी पाहायची. रात्री दहा ते दोन भावजी, ताई आणि भाचा. दोन ते सहा भाऊ, वहिनी आणि मी. काका पूर्ण रात्र झोपून पहाटे उठतील, कारण सूर्योदयाच्या वेळच्या गाड्या आपल्याला पाहायच्या आहेत, बाकी कोणी केव्हा जागते याच्याशी आपला संबंध नाही, असे त्यांनी सांगून टाकले. शुक्रवारी धावपट्टीवर काही नसते. त्या दिवशी शहरात चालकांची मिरवणूक निघते, तिकडे ट्रामने जायचे आणि व्हॅन हलवायची नाही.

खरा तंटा रविवारच्या संध्याकाळचा होता. चारला शर्यत संपली की सहापर्यंत आवरून रात्रीच पॅरिस गाठायचे, म्हणजे सोमवारचा दिवस शहर पाहायला मोकळा मिळेल, असा भाऊ, वहिनी आणि भाचा यांचा आग्रह. लाखो माणसे त्याच वेळी त्याच रस्त्यांवर उतरणार, आणि आमच्या तीन चालकांपैकी एकही आदल्या रात्री चार-पाच तासांपेक्षा जास्त झोपलेला नसणार. मैदान सोमवारी सकाळपर्यंत आपलेच आहे. मी तेवढेच म्हटले आणि वही मिटली. मतदान घ्यावे असे भाच्याने सुचवले. ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांचीच मते घ्या, असे काकांनी सुचवले. तीन मतांपैकी दोन मुक्कामाला पडली. दुसरे भावजींचे होते.

त्यावरून मद्याचा विषयही एकदाचा निघाला, कारण त्या मैदानांतली बिअर सर्वश्रुत आहे आणि आम्ही सगळे दारूबंदीच्या राज्यातून जाणार आहोत. फ्रान्समध्ये लिटरभर रक्तात अर्धा ग्रॅम ही चालकाची मर्यादा आहे, आपल्याकडे ती त्याहूनही कमी. आमची मर्यादा वहीत अशी लिहिली: रविवारी दुपारनंतर तिन्ही चालकांना शून्य. भाऊ म्हणाला, मग शनिवारचे काय. शनिवारी व्हॅन जागेवरून हलणारच नाही, म्हणून तो रकाना रिकामा ठेवला आहे.

आता फक्त काकांचा पासपोर्ट अडतो. तो ऑगस्टमध्ये संपतो, आणि शेंगेनच्या देशांतून बाहेर पडल्यानंतर किमान तीन महिने तो वैध असावा लागतो. उद्या प्रजासत्ताक दिनाची सुट्टी आहे. मंगळवारी सकाळी नूतनीकरणाचा अर्ज भरून पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्यायची आहे. नवा पासपोर्ट हातात आला की सातही अर्ज एकदम द्यायचे.