क्यूएमूत चालतं, बोर्डावर मरतं

डेबियन या लिनक्स वितरणाची १३वी आवृत्ती, म्हणजे 'ट्रिक्सी', अजून टेस्टिंगमध्ये होती, तेव्हाची ही केस. रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेला डेबियनमध्ये अधिकृत आर्किटेक्चरचा दर्जा जुलै २०२३ मध्ये मिळाला आणि ते घेऊन निघालेली पहिली स्थिर आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. मधल्या काळात खऱ्या बोर्डावर चाचणी करणारे जितके मिळतील तितके हवे होते.

माझ्यापुढचा बोर्ड चार कोअर, ८ जीबी रॅमचा. त्याच्या डिस्प्लेचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये तेव्हा नव्हता, म्हणून सगळं काम सिरियल कन्सोलवर, म्हणजे वायरीने जोडलेल्या दुसऱ्या संगणकाच्या टर्मिनलवर. ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल अ‍ॅडॉप्टर आणि तीनच वायरी: ग्राउंडला ग्राउंड, टीएक्स (पाठवणारी) समोरच्या आरएक्सला (घेणारी), आरएक्स टीएक्सला. पॉवरची वायर मोकळी सोडायची, कारण बोर्डाला वीज वेगळी मिळते. वेग ११५२००. मिनिकॉम हा टर्मिनल प्रोग्रॅम वापरत असाल तर हार्डवेअर फ्लो कंट्रोल आधी बंद करा. नाहीतर अक्षरं दिसतात, पण टाइप केलेलं बोर्डापर्यंत पोचत नाही. इन्स्टॉलरने काही त्रास दिला नाही. ओपनएसबीआय (फर्मवेअर), यू-बूट आणि ग्रब (बूटलोडर), मग कर्नल ६.१२ असा बूटचा क्रम सरळ पार पडला.

त्रास दिला एका छोट्या टूलने. वेगवेगळ्या आकाराच्या ब्लॉकचा चेकसम (पडताळणीचा आकडा) काढायचा आणि हजार सायकलमागे, म्हणजे प्रोसेसरच्या ठोक्यांमागे, किती बाइट झाले ते छापायचं, एवढंच त्याचं काम. इंटेलच्या मशीनवर क्यूएमू-यूजरखाली, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या एम्युलेटरखाली, त्याच्या सगळ्या चाचण्या पास होत होत्या. बोर्डसोबत आलेल्या जुन्या ५.१५ कर्नलवरही ते चालत होतं. ट्रिक्सीवर मात्र सुरू होताक्षणी 'इलिगल इन्स्ट्रक्शन'.

अशा वेळी पहिला संशय व्हेक्टर एक्स्टेन्शनवर (एकाच वेळी अनेक आकडे हाताळणाऱ्या जादा आदेशांवर) जातो. पण डेबियन आरव्ही६४जीसी हा मूलभूत आदेशसंच एवढंच गृहीत धरून बांधलं जातं, म्हणजे कंपायलर आपणहून व्हेक्टर आदेश घालणार नाही. तर्क लढवत बसण्याऐवजी डीमेसेज, म्हणजे कर्नलचे संदेश, बघावेत. रिस्क-फाइव्हचा कर्नल तिथे रजिस्टरांची पूर्ण यादी छापतो. 'कॉज' २ असेल, म्हणजे आदेशच बेकायदा ठरला असेल, तर 'बॅडअ‍ॅड्र'समोर सहसा पत्ता नसतो, तो आदेशच असतो. माझ्याकडे तिथे होतं सी०००२७एफ३. पहिले तीन अंक सी००, हा सायकल काउंटरचा क्रमांक. सी०१ असता तर टाइम, सी०२ असता तर इन्स्ट्रेट (पूर्ण झालेल्या आदेशांची मोजणी). म्हणजे हा 'आरडीसायकल ए५', सायकल काउंटर ए५ रजिस्टरात वाचणारा आदेश. जीडीबी या डीबगरनेही तेच दाखवलं.

आदेश प्रोसेसरला येतो, पण कर्नल तो वापरू देत नाही. कर्नल ६.६ पासून यूजर प्रोग्रॅमना सायकल आणि इन्स्ट्रेट थेट वाचता येत नाहीत, फक्त टाइम खुला राहिला. इतक्या बारीक मोजणीतून दुसऱ्या प्रोसेसची गुपितं हाती लागू शकतात, म्हणून हा बदल मला पटतो. क्यूएमू-यूजरमध्ये रिस्क-फाइव्हचा कर्नलच नसतो, त्यामुळे हा पहारा तिथे नाही. पडताळा सोपा आहे: 'पर्फ_यूजर_अ‍ॅक्सेस' हे सिसकंट्रोल (कर्नलची सेटिंग) १ वरून २ केलं की टूल चालतं. पण तो निदानापुरता उपाय. वापरणाऱ्याला ही सेटिंग बदलायला सांगणं चूकच.

म्हणून मी आरडीसायकलच्या जागी आरडीटाइम (टाइम काउंटर वाचणारा आदेश) घातलं. क्रॅश थांबला, आणि १६ बाइटच्या ब्लॉकसमोर आकडा आला १८४४६७४४०७३७०९५५१६१५.

या बोर्डाचा टाइम काउंटर ४ मेगाहर्ट्झचा, एक टिक २५० नॅनोसेकंदांची. १६ बाइटचा चेकसम त्याच्या आत उरकतो, म्हणून दोन वाचनांतला फरक कधी १, कधी ०. इंटेलवर शून्याने भागलं की प्रोग्रॅम तिथेच मरतो. रिस्क-फाइव्हमध्ये भागाकाराच्या आदेशाला ट्रॅपच नाही. उत्तरात सगळे बिट १ येतात आणि काम पुढे चालू राहतं. आकडा थोडा लहान असता तर कुणाच्या लक्षातही आला नसता. मला हा दोष पहिल्यापेक्षा वाईट वाटतो, कारण क्रॅश निदान दिसतो तरी.

क्लॉक_गेटटाइम हे वेळ सांगणारं फंक्शन वापरलं तरी आत तोच काउंटर असतो, बारकाई वाढत नाही. पॅचमध्ये म्हणून तीन गोष्टी केल्या: वेळ क्लॉक_गेटटाइमने घेतली, लहान ब्लॉक एक लाख वेळा फिरवून एकूण बाइटना एकूण वेळेने भागलं, आणि फरक शून्य आला तर आकड्याऐवजी चूक छापली. त्यामुळे निकालाचं एककही बदललं, आता मायक्रोसेकंदामागे बाइट. खरोखर सायकलच मोजायच्या असतील तर पर्फ_इव्हेंट_ओपन हा कर्नलचा सिस्टिम कॉल हा रस्ता आहे.

रिपोर्टबग या डेबियनच्या टूलने पाठवलेल्या रिपोर्टमध्ये यूनेमची (कर्नलची माहिती देणारी) पूर्ण ओळ, ओपनएसबीआयची आवृत्ती, डीमेसेजचा तुकडा आणि फक्त आरडीसायकल चालवणारा दहा ओळींचा प्रोग्रॅम जोडला. सिसकंट्रोल परत १ वर आणून सगळ्या चाचण्या पुन्हा चालवल्या, मगच पॅच जोडला.