तीन शब्द, एकच धातू

वल्हांडण हा इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा ज्यू सण. त्या रात्री ज्यू कुटुंबांत हगादा, म्हणजे त्या सुटकेच्या कथेची पोथी, वाचतात. बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजासाठी ती मराठीतही पूर्वीपासून आहे, पुण्यात 1874 साली छापलेली प्रसिद्धच आहे. नव्या भाषांतराचं काम माझ्याकडे होतं. हिब्रू तपासून द्यायला समाजातले एक वयस्कर काका येत. त्या दिवशी आले ते लाल पेन्सिलीच्या खुणा करूनच.

"ताई, हे तीन शब्द बघा."

मी लिहिलं होतं (फारो म्हणजे इजिप्तचा राजा) : आम्ही फारोचे 'गुलाम' होतो. आमचे पूर्वज परक्या दैवतांची 'पूजा' करत. आता देवाने आम्हांला आपल्या 'उपासनेकडे' आणलं.

"हिब्रूत तिन्हीकडे एकच धातू आहे."

त्यांनी कागदावर अक्षरं काढली : आयिन, बेत, दालेत. एवेद म्हणजे दास. अवोदा म्हणजे राबणं, काम आणि देवाची सेवाही. जेरुसलेमच्या मंदिरात याजक बळी अर्पण करत, ती अवोदा. तल्मूद ह्या ज्यू धर्मग्रंथात प्रार्थनेला हृदयाची अवोदा म्हटलंय. इस्राएलात आज सकाळी कामावर निघालेला माणूसही अवोदालाच जातो. अरबीतली 'इबादत' ह्याच कुळातली. हे सगळं मला कोशातून ठाऊक होतं, तरी लिहिताना मी त्या धातूचे तुकडे केले होते.

"पण काका, फारोची कुणी पूजा करत नव्हतं."

"राबत होते ना? राबणं तेच राहिलं, धनी बदलला." त्यांनी पुढचं पान उघडलं. बायबलमधलं 113वं स्तोत्र : परमेश्वराच्या दासांनो, स्तुती करा. "परमेश्वराचे दास, म्हणजे आता फारोचे नाहीत. गुलाम आणि उपासक असे वेगळे शब्द घातलेत, तर पोरांना हे ऐकू कसं येणार?"

मला वाईट वाटलं, कारण त्यांचं खरं होतं. मग तासभर शब्द शोधत बसलो. 'सेवा' घातली तर फारोकडे लोक राजीखुशीने गेल्यासारखे वाटत. 'चाकरी' काकांना आवडली होती, पण चाकराला पगार असतो. फारोसाठी विटा थापणाऱ्यांना कसला पगार?

'दास्य' सुचलं ते नवविधा भक्ती मनात मोजताना. श्रवण, कीर्तन... सातवी दास्य. ज्या शब्दाने आपण पारतंत्र्य म्हणतो, त्यानेच भक्तीही म्हणतो. मराठीत तो होताच!

आम्ही फारोचे दास होतो. आमचे पूर्वज परक्या दैवतांचं दास्य करत. आता देवाने आम्हांला आपल्या दास्यात घेतलं.

काकांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं, खोडरबर मागितलं आणि तिन्ही लाल खुणा पुसल्या.