बिलांची शीट: मॉडेलने फक्त वाचायचं, हिशोब स्क्रिप्टने करायचा

सध्याची स्थिती: जीमेलमध्ये आलेली वीज, गॅस, इंटरनेट आणि सोसायटीची बिलं रोज सकाळी आपोआप गूगल शीटमध्ये उतरतात आणि देय दिनांकाच्या दोन दिवस आधी कॅलेंडरमध्ये नोंद पडते. वापरलंय एवढंच: जीमेलचा फिल्टर, अ‍ॅप्स स्क्रिप्ट (गूगलमध्येच छोटा कोड चालवायची सोय), जेमिनी या गूगलच्या एआय मॉडेलची एपीआय की (कोडमधून मॉडेल वापरायची गुप्त किल्ली) आणि तीन पानांची शीट. पानांची नावं ‘बिलं’, ‘खाती’ (आपले ग्राहक क्रमांक) आणि ‘तपासा’ (शंकास्पद ओळी). सर्व्हर नाही, महिन्याचं भाडं नाही.

सुरुवात फिल्टरपासून करा, स्क्रिप्टपासून नको. बिल पाठवणाऱ्यांचे नेमके पत्ते आणि ‘अटॅचमेंट आहे’ ही अट टाकून ‘बिल’ असं लेबल लावा. नुसत्या ‘बिल’ या शब्दावर फिल्टर लावला तर अर्ध्या जाहिराती आत येतात. शिवाय ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ छापाच्या फसव्या निरोपांनाही दार उघडं राहतं. त्याच कारणासाठी बिलातली पैसे भरायची लिंक शीटमध्ये उतरवायची नाही आणि पैसे भरण्याचं काम आपोआप करायचं नाही.

स्क्रिप्टचा क्रम असा: लेबलखालचे गेल्या १० दिवसांतले मेल शोध, प्रत्येक मेलचा आयडी शीटमध्ये आधीच आहे का बघ, नसेल तर पीडीएफ बेस६४ (फाइल अक्षरांच्या रूपात पाठवायची पद्धत) करून मॉडेलला पाठव, उत्तर तपास, मग ओळ लिही. इथे बरेच जण ‘झालं’ असं दुसरं लेबल लावून मोकळे होतात. अ‍ॅप्स स्क्रिप्टच्या साध्या जीमेल सेवेतून लेबल लागतं ते सगळ्या संभाषणाला, एका मेलला नाही. त्याच धाग्यात नंतर दुरुस्त बिल आलं की ते गुपचूप गळतं. म्हणून आयडीचा स्तंभ हवाच.

मॉडेलकडून उत्तर मोकळ्या मजकुरात घेऊ नका. उत्तराचा प्रकार जेसन (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा ठरावीक साचा) ठेवा, सोबत स्कीमा म्हणजे रकान्यांची यादी द्या, टेंपरेचर (उत्तरातली मोकळीक) ०. रकाने सहाच: बिल देणारा, ग्राहक क्रमांक, बिल दिनांक, देय दिनांक, मुदतीत भरायची रक्कम, मुदतीनंतरची रक्कम. नुसतं ‘रक्कम’ म्हटलं की वीजबिलावर घोळ होतो, कारण तिथे चालू आकार, थकबाकी, मुदतीतली रक्कम, मुदतीनंतरची रक्कम असे चार-पाच आकडे शेजारीशेजारी असतात. प्रत्येक रकाना रिकामा सोडायची मुभा स्कीमात द्या. ती नसेल तर देय दिनांक न सापडल्यावर मॉडेल बिलाच्या तारखेवरून स्वतःच एखादी तारीख रचतं, आणि ती दिसायला अगदी पटण्यासारखी असते.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच मागा. ५ ऑगस्टसाठी लिहिलेलं ०५/०८ हे जावास्क्रिप्ट (स्क्रिप्टची भाषा) ८ मे म्हणून वाचतं. त्यापुढचा सापळा टाइमझोनचा: स्क्रिप्टचा वेगळा, शीटचा वेगळा, दोन्हीकडे कोलकाता निवडलेलं आहे का बघा. अमेरिकेतून गावाकडच्या घराची बिलं सांभाळणाऱ्यांनी जास्तच जपावं, कारण वेळ न दिलेली तारीख यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र धरली जाते आणि न्यू जर्सीत ती आदल्या दिवसाची संध्याकाळ होते.

ग्राहक क्रमांकाचा स्तंभ आधीच ‘साधा मजकूर’ करा. महावितरणचा क्रमांक १२ आकडी असतो, आणि तो शून्याने सुरू होत असेल तर शीट पुढची शून्यं खाऊन टाकते. मग ‘खाती’ पानाशी जुळणी होत नाही आणि दोष विनाकारण मॉडेलच्या माथी जातो.

आता मराठी कागदांकडे, कारण खरी डोकेदुखी तिथेच आहे. पीडीएफमधला मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. इंग्रजी अक्षरांचा कचरा आला तर फाइल बहुधा जुन्या, युनिकोडपूर्व (प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीआधीच्या) फाँटमध्ये आहे. अशी फाइल आधी मजकुरात बदलून मॉडेलला द्यायची नाही, अख्खी पीडीएफच द्यायची. पानाचं चित्र त्याला वाचता येतं, कचरा नाही. देवनागरी आकडे शीटमध्ये तसेच गेले तर ते मजकूर ठरतात आणि बेरीज त्यांना वगळते, तेही कुठलीही चूक न दाखवता. स्क्रिप्टमध्ये एक ओळ पुरते: देवनागरी आकड्याच्या युनिकोड क्रमांकातून २३५८ वजा करा, नेहमीचा आकडा मिळतो (देवनागरी शून्याचा २४०६, नेहमीच्या 0 चा ४८). मग स्वल्पविराम काढा.

सोसायटीच्या हातपावत्यांत १ आणि ९ यांची अदलाबदल होते, विशेषतः कार्बन कॉपीच्या फोटोत. यावर उपाय पावतीवरच छापलेला असतो: अक्षरी रक्कम. तिच्यासाठी सातवा रकाना ठेवा, पण तिचं अंकांत रूपांतर मॉडेलला करू देऊ नका. ते बहुधा शेजारचा आकडाच उचलून देतं आणि पडताळणी फुकट जाते. त्याने शब्द जसेच्या तसे द्यायचे, रूपांतर स्क्रिप्टने करायचं. मराठीत ९९ पर्यंत जवळपास प्रत्येक संख्येला वेगळा शब्द असल्याने तक्ता हाताने भरावा लागतो, शिवाय एक्केचाळीस-एकेचाळीस अशी रूपंही धरावी लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं. अंक आणि अक्षरं जुळली नाहीत तर ओळ ‘तपासा’ पानावर.

बाकीच्या चाळण्या साध्या आहेत. क्रमांक ‘खाती’ पानावर असलाच पाहिजे. देय दिनांक बिल दिनांकानंतर ४५ दिवसांच्या आत. मुदतीनंतरची रक्कम मुदतीतल्या रकमेपेक्षा कमी नको. आधीच्या सहा बिलांच्या मध्यकाच्या दुपटीहून मोठी रक्कम आली तरी ‘तपासा’. मे महिन्यात एसीमुळे ही शेवटची चाळणी उगाच ओरडते, ओरडू द्या.

मर्यादा: अ‍ॅप्स स्क्रिप्टचं एक चक्र ६ मिनिटांत तुटतं. जुन्या दोन वर्षांची बिलं एकदम भरायला गेलात तर मध्येच थांबेल, म्हणून एका चक्रात १५ मेलच घ्या आणि प्रत्येक बिलानंतर लगेच ओळ लिहा, शेवटी एकदम नको. जेमिनीकडून ४२९ चूक (फार वेळा विचारलं) आली तर २, ४, ८, १६ सेकंद थांबून पुन्हा विचारा. तरीही तीच आली तर बहुधा दिवसाचा कोटा (विचारायची मर्यादा) संपलाय, उद्या बघायचं. रोजचा ट्रिगर (स्क्रिप्ट आपोआप सुरू करणारी वेळ) सकाळी ६ ते ७ असा तासाच्या पट्ट्यात लागतो, नेमक्या मिनिटाची अपेक्षा धरू नका. एपीआय की कोडमध्ये लिहू नका, स्क्रिप्ट प्रॉपर्टीज या वेगळ्या कप्प्यात ठेवा. शीटची प्रत मित्राला दिली की स्क्रिप्टही सोबत जाते, प्रॉपर्टीज जात नाहीत.

जेमिनीच्या मोफत स्तरावर पाठवलेला मजकूर गूगल आपली उत्पादनं सुधारायला वापरू शकतं. त्यामुळे बँकेची विवरणपत्रं, दवाखान्याची बिलं, आधार-पॅन असलेले कागद या वाटेने जात नाहीत. पासवर्ड लावलेल्या पीडीएफ अ‍ॅप्स स्क्रिप्टला स्वतःहून उघडताही येत नाहीत, त्या सरळ ‘तपासा’ पानावर पडतात.

पुढचं काम याच कागदांचं: ओलामावर (आपल्याच संगणकावर मॉडेल चालवणारी प्रणाली) चित्र वाचणारं छोटं मॉडेल घरच्याच संगणकावर चालवायचं आणि वरच्याच चाळण्या त्याला लावायच्या. कसोटीसाठी हाताने तपासलेली ३० बिलं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आहेत, त्यांत वाकडे फोटो आणि जुन्या फाँटच्या फाइली मुद्दाम जास्त. मॉडेल किंवा प्रॉम्प्ट (त्याला दिलेली सूचना) बदलला की आधी ही ३० चालवायची, मगच रोजचा ट्रिगर पुन्हा सुरू.