विषय ठरवता ठरवता संध्याकाळ झाली

आज रत्नागिरीत आमच्या स्वयंसेवक मुलांच्या वादचर्चेसाठी विषय निवडायला बसलो होतो. तासाभराचं काम, तीन तास गेले.

फळ्यावर आधी बारसूची रिफायनरी आली. एका बाजूला रोजगार, दुसऱ्या बाजूला सड्यावरची, म्हणजे तिथल्या खडकाळ पठारावरची, कातळशिल्पं, जी 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प, मुंबई-गोवा महामार्ग हेही लिहिले. पण महामार्ग मी खोडला. रखडला हे सगळ्यांनाच मान्य, मग दुसरी बाजू मांडणार कोण?

खरा वेळ गेला तो एलईडी मासेमारीवर, म्हणजे मोठ्या बोटींवरून प्रखर दिवे लावून मासे गोळा करून पकडण्यावर. केंद्राने 2017 मध्येच बंदी घातली, तरी रात्री समुद्रात दिवे दिसतातच. मिरकरवाड्याची एक मुलगी म्हणाली, "ताई, बाबा पहाटे जाळं ओढतात तेव्हा डिझेलचेही पैसे सुटत नाहीत." समोरच्या मुलाचे वडील पर्ससीनवर, म्हणजे माशांना वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या बोटीवर, खलाशी. तो खाली बघून हातातल्या खडूचे तुकडे करत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "बोट बंद झाली तर आमच्या घरातही चूल पेटायची नाही."

खोलीत कोणी बोलेना. विषय बदलूया का, असं मी विचारलं. दोघंही एकदमच "नको" म्हणाले.

मग मी बाजू उलट्या दिल्या. ती पर्ससीनवरच्या खलाशाची बाजू मांडणार, तो छोट्या होडीवाल्याची. ज्याच्यावर आपलं घर चालतं तो विषय टाळायचा नाही, हे मला मनापासून वाटतं. जाताना दोघं पायरीवर बसून एकमेकांना घरचे हिशेब विचारत होती. वहीत आकडे लिहून घेत होती.

पुढच्या रविवारी चर्चा आहे.