आधी कोण बसलं?

"आवाज येतोय, शब्द कळत न्हाईत."

सांगलीत विश्रामबागला माझं कान तपासण्याचं छोटं केंद्र आहे. तिथं खुर्चीत टेकल्याबरोबर म्हातारी माणसं बहुधा हेच वाक्य बोलतात. आमच्या कामात निम्मं निदान या वाक्यातच होऊन जातं.

त्या मंगळवारी हे वाक्य अण्णांनी म्हटलं. अडुसष्ट वर्षांचे, उंच, पांढरं धोतर, कडक टोपी. गाव खानापूर तालुक्यात, येरळेच्या काठाला. सोबत त्यांचे दोस्त तात्या, आणि दोघांच्या मागून अण्णांची बायको. त्यांना मी लगेच मावशी म्हणायला लागले, कारण आत येताच त्यांनी मला "जेवलीस का गं?" असं विचारलं. वेळ सकाळी साडेदहाची.

तात्यांचं म्हणणं, अण्णांना काही झालेलं नाही. "माझं सगळं कळतंय की त्याला. फोनवर बी कळतंय." मागून मावशी म्हणाल्या, "अवो, पिशवी रिक्षात ऱ्हायली काय?" अण्णांनी मान डोलावली, "व्हय, व्हय." पिशवी त्यांच्याच मांडीवर होती.

मावशींनी माझ्याकडं नुसतं बघितलं.

माहिती लिहून घेताना मी विचारलं, गोंगाटाच्या जागी काम केलंय का? अण्णा एकदम ताठ झाले. "मुंबईला. मिलमधी, साच्यावर. आठ वर्सं." सतराव्या वर्षी गेले ते १९७४ मध्ये, आणि १८ जानेवारी १९८२ ला संप झाला तेव्हा परत आले. अडीच लाख गिरणी कामगारांचा संप. त्यातले आमच्या घाटावरचे कितीतरी जण "चार दिवसांत मिटंल" म्हणून ट्रंक घेऊन गावी आले आणि ती ट्रंक पुन्हा मुंबईला गेलीच नाही. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा आपल्याकडं धरतात. जुन्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या मागांवर, आवाज सहज शंभरापर्यंत जायचा. शेकडो माग एकदम धडधडत असताना तिथली माणसं ओठांवरून बोलणं ओळखायची. ती सवय अण्णांना अजून आहे. म्हणूनच मी शब्द वाचताना तोंडापुढं पुठ्ठा धरते, नाहीतर अशी माणसं कानांनी नापास आणि डोळ्यांनी पास होतात.

पुठ्ठ्यामागून मी म्हटलं "सात". अण्णा म्हणाले "हात". "खडी" म्हटलं, तर "घडी". यादीत नसलेला "वाळू" हा शब्द मीच मध्ये घुसडला, तो बरोब्बर आला. व आणि ळ हे खालच्या पट्टीतले, भरीव आवाज, ते शाबूत होते. स, थ, ख, फ ही वाऱ्यासारखी अक्षरं गेली होती. आलेखही तसाच निघाला: डावीकडं, म्हणजे खालच्या पट्टीत, बरा, चार हजार हर्ट्झपाशी खड्ड्यात, आणि खड्ड्याच्या पलीकडचा काठ वयानं ढासळलेला.

अशा कानाला पुरुषाचा जाड आवाज बऱ्यापैकी पोचतो. बायकांचा आणि लहान पोरांचा आवाज आधी हरवतो. त्यात मावशी बोलताना पदर तोंडाशी धरतात, म्हणजे ओठांचाही आधार नाही. शिवाय त्यांचं निम्मं बोलणं मागून, नाहीतर चुलीपासून. मी हे समजावून सांगितलं तेव्हा तात्या फिस्सकन हसले. मावशी हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "आधी ऐकू येत हुतं तवा ऐकत न्हवते. मग ऐकूच यीना झालं."

अण्णा म्हणाले, "व्हय, व्हय."

आलोच आहे तर माझंही बघा, असा तात्यांनी हट्ट धरला. सत्तरीच्या मानानं कान फारच चांगले निघाले. दोघं एकाच गिरणीत होते, म्हणून मला नवल वाटलं. तात्या म्हणाले, "मी रिंगखात्यात हुतो, सूत काताय. तितं बी आवाज असतोय, पर साच्याइतका न्हाई. धोट्यातनं सूत तोंडानं ओढून घ्यायला लागायचं बघा, मग आमच्या लोकान्ला साच्यावर कोण घील? आमचा उष्टा धोटा कोण तोंडाला लावंल? माझ्या बापाला घेतलं न्हाई. मी बापामागनं रिंगखात्यातच गेलो." मग स्वतःच्या आलेखावर बोट ठेवून म्हणाले, "जातीनं एवढी कानं तेवढी वाचवली म्हणायची."

हे अण्णांना नीट ऐकू गेलं. तात्यांचा आवाज जाडच आहे. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "पगार साच्यावर जास्त हुता." तेवढंच. मी आलेखाची प्रिंट काढायला वळले.

पंधरा वर्षं या धंद्यात आहे. कानाचं यंत्र लावायला आलेल्या माणसांना मी बोलतं ठेवते, कारण त्यांच्या आवडीच्या विषयावर बोलताना त्यांचं ऐकणं कसं आहे ते खरं कळतं. आमच्या सातारा-सांगलीकडं हा आवडीचा विषय बहुतेक वेळा तरुणपणीचा लढा असतो. लहानपणापासून आमच्या कानावर इंग्रजांविरुद्धचं पत्री सरकार आहे, त्याचं ठाणं कुंडल आहे, १९४३ साली शेणोलीजवळ लुटलेली रेल्वे आहे. माझ्या माहितीतल्या प्रत्येक घरात एक तरी आजोबा भूमिगत होते. (सगळेच भूमिगत होते, तर जमिनीवर कोण होतं, असा प्रश्न मी शाळेत विचारला होता आणि छडी खाल्ली होती.) अण्णा त्यांच्या पुढच्या पिढीचे. बापाच्या गोष्टी ऐकून वाढलेले, आणि आपलीही एक गोष्ट असावी म्हणून वाट बघणारे. आणीबाणीत आत गेलेलेही माझ्याकडं येतात. तुरुंगातलं पिठलं कसं होतं ते रंगवून सांगतात. भीती वाटली होती का विचारलं, तर विषय बदलतात. माझ्या पिढीकडं सांगायला काय आहे? शैक्षणिक कर्जाचे हप्ते. त्यामुळं मी जरा हेव्यानंच ऐकते.

अण्णांची गोष्ट येरळेची. संपातून परतलेली पोरं गावाकडं आली ती दुष्काळात. रोजगार हमीवर खडी फोडायची, पुढच्या वर्षी पुन्हा खडीच. मग कार्यकर्ते डॉ. भारत पाटणकर यांच्या बरोबर मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली आणि लोक म्हणायला लागले की खडी बास, दुष्काळ हटवायचं काम द्या. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. वाळू गेली की नदीच्या पोटातलं पाणी जातं, काठच्या विहिरी आटतात. लोकांनी मागणी केली ती अशी: वाळू आमची, ती आम्ही विकू आणि त्या पैशातून धरण बांधू. बलवडीजवळचं बळीराजा स्मृती धरण त्यातून झालं. सरकारी नव्हे, लोकांचं. आणि ज्याला गुंठाभर जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा, हे त्याचं तत्त्व. हे सांगताना तात्या मधेच म्हणाले, "मला तेवढंच पायजे हुतं. बाकी घोषणाबिषणा ह्याला." आणि अण्णांकडं बोट दाखवलं.

कानाचं यंत्र लॅपटॉपला जोडून मी त्यात आवाज बसवत होते आणि अण्णांची मुख्य गोष्ट सुरू झाली होती. एका पहाटे ठेकेदाराचा ट्रक नदीत उतरला. गावात बातमी आली. अण्णा धावत गेले, ट्रकच्या आडवे झाले, बोनेटवर हात ठेवला. "ड्रायवर म्हणला, बाजूला हो. मी म्हणलं, चाकं माझ्यावरनं घाल." हात उचलून दाखवला. बोनेट अजून तिथं असावं असा तळवा पसरला होता. मावशी मागून काहीतरी पुटपुटल्या. ते बोलणं मला सवयीचं वाटलं. देवळात आरतीला कोरस ठरलेल्या ठिकाणी येतो तसं.

मी कानामागचं यंत्र बसवलं. पहिल्या दिवशी आवाज मुद्दाम कमी ठेवते, नाहीतर माणूस बिचकतो. अण्णा आधी पंख्याकडं बघायला लागले. मग मी कागद चुरगळला, तर दचकले. "माझाच आवाज रांजणातनं आल्यागत येतोय," म्हणाले. आठवडाभरात सवय होईल, असं मी सांगितलं आणि नेहमीप्रमाणं म्हटलं, "आता मघाची गोष्ट परत सांगा. मावशी, तुम्ही मागंच बसून बोला."

अण्णांनी पहिल्यापासून सुरू केली. पहाट, ट्रक, बातमी. "मी ट्रकच्या आडवा झालो..."

"अवो, आधी बायका बसल्या हुत्या," मावशी म्हणाल्या. रोजच्याच आवाजात, पदर तोंडाशी.

अण्णा थांबले. मान वळवली नाही. मग हळूच म्हणाले, "काय?"

"आधी आमी बसलो. चौदाजणी. पाणी आणाया गेलतो, घागरी वाळूत मांडल्या आन् बसलो म्होरं."

"तू हुतीस?"

"हुते की. पोटात थोरला हुता. सासूबाईंनी घरी आल्यावर दोन दिस बोलायचं टाकलं."

अण्णा तात्यांकडं वळले. "आन् मी कुटं हुतो?"

तात्यांनी उत्तर द्यायचं टाळून मिशीवरून हात फिरवला. मावशीच म्हणाल्या, "इट्याला. तहसीलदाराला निवेदन द्याया गेलता तुमी सगळी. दुपारच्याला आला."

"मग बोनेटवर हात?"

"ठिवला की. इंजान गार झालं हुतं."

मी लॅपटॉपच्या पडद्याकडं बघत राहिले, कारण हसू आवरत नव्हतं आणि हसणं बरोबर नव्हतं. अण्णांचं तोंड पडलं होतं. पंचेचाळीस सेकंद तरी कुणी काही बोललं नाही. पंख्याचा आवाज तेवढा होता, आणि तो आता त्यांनाही येत होता.

"तात्या, तुला ठावं हुतं?"

"ठावं सगळ्यान्लाच हाय," तात्या म्हणाले. "तू चांगलं सांगतोस म्हणून कोण बोलत न्हाई."

मावशींना त्यात जिंकल्यासारखं काही वाटलं नसावं. त्यांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढून माझ्या टेबलावर ठेवला. मी विचारलं, मावशी, चौदाजणींतल्या आता किती आहेत? त्यांनी बोटांवर मोजलं. पाच. दोघी पुण्याला लेकाकडं, एक अंथरुणाला खिळलेली. "धरणाच्या उद्घाटनाला आमी भाकरी थापत हुतो मागं," म्हणाल्या. "फोटूत न्हाई कोण." तक्रार अशी नव्हती ती. चौदाचा हिशोब पुरा करत होत्या, एवढंच.

बॅटरी कशी बदलायची ते मी अण्णांना दाखवलं. केशरी चिकटपट्टी ओढायची, दोन मिनिटं हवा लागू द्यायची, मग आत घालायची. त्यांची बोटं जाड, खडी फोडलेली, बॅटरी दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा मावशींनी हात पुढं केला आणि एका झटक्यात बसवली. "सुईत दोरा ओवायची सवय हाय," म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी तिघं परत आले. यंत्र रोज सरासरी किती तास वापरलं ते आतच नोंदलं जातं. अण्णांचे निघाले अकरा तास. इतकं पहिल्या महिन्यात सहसा कुणी वापरत नाही. मी शाबासकी दिली. तक्रार एकच, भांड्यांचा खणखणाट फार होतो. मी वरच्या पट्टीतला आवाज थोडा उतरवायला घेतला.

तोवर बाहेरच्या बाकावर अण्णांना श्रोता मिळाला होता. माधवनगरचे एक निवृत्त गुरुजी, नव्या यंत्राला घाबरलेले. दार उघडंच होतं. पहाट झाली, ट्रक नदीत उतरला, गावात बातमी आली. मी हातातलं काम थांबवून कान दिला. मावशी माझ्याजवळ बसल्या होत्या, त्यांनीही.

"आधी बायका बसल्या," अण्णा गुरुजींना सांगत होते. "चौदाजणी. घागरी मांडून. आमची मंडळी बी हुती त्यात, पोटुशी." जरा थांबले. "मीच सांगून गेलतो, म्हणलं, ट्रक आला तर बसा म्होरं."

तात्यांनी छताकडं बघितलं. मी मावशींकडं.

मावशींनी पदर सारखा केला. "ही बॅटरी किती दिस जाती म्हणालीस?"

"दहा-बारा दिवस."

"मग दोन पाकिटं दे," म्हणाल्या.