ओव्हल ते लालबाग

रविवार, रात्री

दुपारी ओव्हल मैदानाच्या कडेला बराच वेळ उभी होते. मैदानात चार-पाच मॅचेस एकमेकींत घुसलेल्या. कुठला फिल्डर कुठल्या टीमचा, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग. २०१८ साली युनेस्कोने या दोन्हींना मिळून जागतिक वारसा ठरवलं. हेरिटेज वॉकवाले इथे कमानी दाखवतात, फोटो काढू देतात आणि पुढे निघतात. मला मात्र आमचा अर्थशास्त्राचा अख्खा पेपर तिथे दिसायला लागलाय.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा खुळखुळायला लागला तशी माणसं शेअरच्या नादी लागली. समुद्र हटवून जमीन काढू म्हणणाऱ्या बॅक बे कंपनीच्या शेअरसाठी तर नुसती झुंबड. या सट्ट्याचे बादशहा प्रेमचंद रायचंद. १८६४ मध्ये त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि टॉवरसाठी दोन लाख रुपये दिले. टॉवरला नाव आईचं. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, भाव कोसळले आणि प्रेमचंदांसकट भल्याभल्यांचं दिवाळं निघालं. टॉवर पुरा झाला थेट १८७८ मध्ये! आणि पश्चिमेकडच्या त्या देखण्या इमारती उभ्या आहेत बॅक बेच्याच भरावावर. कंपनी बुडाली, भराव पुढे विसाव्या शतकात सरकारने घातला.

टॉवरच्या अंगावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे दगडी पुतळे आहेत. खालून मान दुखेपर्यंत पाहिलं तरी पागोट्यावरूनच काय तो अंदाज बांधायचा. जात एवढी हौसेने दगडात कोरून वर बसवणाऱ्या शहराबद्दल समाजशास्त्राच्या बाईंना विचारायचंय.

मग चर्चगेटहून लोकलने लोअर परळ, तिथून पूल ओलांडून चालत लालबाग. कापसाची दुसरी गोष्ट इकडची. मैत्रिणीच्या चाळीतल्या एक आजी पूर्वी खानावळ चालवायच्या. गिरणगावात एकटे राहणारे गिरणीकामगार अशाच घरांत जेवायचे. १९८२ च्या संपाला आमच्या पुस्तकात एक परिच्छेद आहे : दत्ता सामंत, सुमारे अडीच लाख कामगार, परिणाम. संप मिटल्याचं रीतसर कुणी कधी जाहीरच केलं नाही, हे त्यात नाही. मी आजींना संपाचं विचारलं, तर त्या उधारीवर आल्या. "अगं, महिन्याच्या बोलीवर जेवायची पोरं. पगार थांबला तरी ताट थांबवता येतं का? मग एकेकाने गावची वाट धरली. सांगून गेले, न सांगता गेले." किती पैसे बुडाले, हे त्यांनी सांगितलं नाही. नावं मात्र धडाधड सांगितली, कोण साताऱ्याचा, कोण देवगडचा, कोणाला तिखट चालायचं नाही, सगळं.

सेमिस्टरच्या प्रोजेक्टला सरांनी 'जागतिकीकरण' दिलंय. त्याऐवजी खानावळीच्या उधारीवर लिहू का, असं उद्या विचारणार आहे. सर म्हणणार, संदर्भ कुठले? हिशेबाची वही पोटमाळ्यावर आहे म्हणे. गणपतीआधी सूनबाई माळा साफ करायला काढणार आहेत, त्याच्या आत गाठली पाहिजे.